शमुवेल म्हणजे ‘देवाने ऐकले’ की ‘देवाचे नाव’?

जालन्याच्या एका आजींचा प्रश्न आहे. नातवाचं नाव घरात ‘शमुवेल’ ठरत आलंय. पण बाळांच्या नावांच्या एका यादीत त्याचा अर्थ ‘देवाने ऐकले’ असा आहे, दुसरीत ‘देवाचे नाव’. खरा कोणता? शिवाय सुनेला ‘इथन’ आवडलंय, ते बायबलातलं आहे का?

याद्यांना फार दोष देऊ नका. गोंधळाची सुरुवात खुद्द ग्रंथात आहे. मूल होत नाही म्हणून हन्नाने शिलो इथे रडून प्रार्थना केली, मुलगा झाला, आणि तिने त्याचं नाव शमुवेल ठेवलं. कारण काय दिलं? ‘मी याला परमेश्वराकडे मागितलं’ (१ शमुवेल १:२०). आता हिब्रूत मागणे म्हणजे ‘शाअल’, आणि त्यापासून रीतसर बनणारं नाव ‘शौल’, म्हणजे मागितलेला. तो तर पुढे झालेला इस्राएलचा राजा! म्हणजे आईने सांगितलेला अर्थ एका नावाचा आणि पोराला ठेवलेलं नाव दुसरंच. बायबलात नावाचं कारण सांगतात ते बहुतेक वेळा व्युत्पत्ती म्हणून नव्हे, ध्वनीवर खेळ करून. आपल्या कीर्तनकारांना ही रीत नवी नाही.

व्याकरणाने पाहिलं तर ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव. ‘देवाचे नाव’ किंवा ‘एल हे त्याचे नाव’ हा अर्थ सरस ठरतो. ‘ऐकले’ यायला ‘शमा’ हा धातू लागतो आणि त्याच्या शेवटी घशातून निघणारा ‘ऐन’ हा वर्ण आहे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘ऐन’ समजावून सांगायला नको; अरबीतल्या ‘समीअ’ या शब्दातला तोच. शमुवेलच्या हिब्रू अक्षरांत तो ऐन नाही.

मग ‘देव ऐकतो’ हे नाव कुणाचं? इश्माएलचं. त्याच्या आईला, हागारेला, देवदूताने ते सांगितलं, कारण देवाने तिचं दुःख ऐकलं होतं (उत्पत्ती १६:११). म्हणजे तुमच्या यादीने शमुवेलला दिलेला अर्थ खरं तर शेजारच्या इस्माईलभाईंचा आहे! मराठवाड्यात हे शेजार जागोजागी सापडेल. एका गल्लीत याकोब, योसेफ, दावीद, शलमोन. पुढच्या गल्लीत याकूब, युसूफ, दाऊद, सुलेमान. इयोब आणि अय्यूब, योना आणि युनूस, मोशे आणि मूसा हीही त्याच जोड्या. मूळ एक, एक वाट मराठी बायबलातून आली, दुसरी अरबीतून. दोन्हीकडे ‘य’ टिकला, हे मला विशेष आवडतं. हिब्रू ‘याकोव’च्या जवळ याकोब आणि याकूब आहेत, जेकब नाही. तेव्हा मराठी रूप गावठी आणि इंग्रजी रूप शुद्ध, असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा.

तो ‘एल’ एकदा कळला की निम्मी यादी आपोआप उलगडते. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश, इम्मानुएल म्हणजे आमच्याबरोबर देव, आणि मीखाएल तर चक्क प्रश्न आहे: देवासारखा कोण? तुमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ‘बेथेल’ ही वस्ती वसवली, त्यातही तोच. बेथ म्हणजे घर (अरबी ‘बैत’), बेथेल म्हणजे देवाचं घर. त्याच बेथला ‘लेहेम’ लागलं की भाकरीचं घर. काही नावांच्या शेवटी ‘या’ येतो, जसं यशया, एलीया. तो परमेश्वराच्या नावाचा तुकडा आहे. आपल्या दाम्या-बाळ्यातल्या ‘या’शी त्याचं नातं नाही, जरी तुमच्या शमुवेलचा शाळेत शम्या होणार हे नक्की.

मुलींची नावं थोडक्यात: हन्ना म्हणजे कृपा, दबोरा मधमाशी, तामार खजूर, राहेल मेंढी. मेंढी ऐकून नाक मुरडू नका, कळपांवर जगणाऱ्या समाजाने ठेवलेलं ते लाडाचं नाव आहे. एस्तेरचं मूळ बरेच जण फारसीतल्या ताऱ्याशी जोडतात, म्हणजे ती आपल्या ‘सितारा’ची बहीण झाली.

आता सुनेचं इथन. बायबलातलं आहे, आणि नाव दमदार आहे. मराठी बायबलात ‘एथान’ असं येतं. ८९ वं स्तोत्र एथान एज्राहीच्या नावावर आहे. अर्थ टिकाऊ, अढळ. पण हिब्रूत हाच शब्द वाहत्या पाण्यालाही लावतात: आमोस ५:२४ मध्ये न्यायाबरोबर नीतिमत्ता ज्या ओढ्यासारखी वाहावी म्हटलंय, तो ‘नहल एथान’, बारमाही ओढा. जालन्याची कुंडलिका नदी उन्हाळ्यात ज्यांनी पाहिली आहे त्यांना या नावाची किंमत वेगळी सांगायला नको. मला विचाराल तर शमुवेलपेक्षा हेच उजवं.

फक्त दाखल्यावर मराठीत ‘एथान’ असंच लिहून घ्या. ‘इथन’ लिहिलंत तर वर्गातली पोरं त्यावर अनुस्वार चढवतील, आणि हजेरीच्या वेळी रोज मागून आवाज येईल: ‘इथनं? इथनं कुठं जायचं, सर?’