मुलींचा संघ हाती घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शाळेच्या मुलींचा कबड्डी संघ तुझ्याकडे आला हे वाचून फार बरं वाटलं. सरावाचं वेळापत्रक पाठवलंस, तेही नीट आहे. चढाई-पकडीतलं तुला मी काय शिकवणार? पण त्या वेळापत्रकात मुलींच्या खाण्याला आणि पाळीला कुठेच जागा दिसली नाही. म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी प्रत्येकीला एकच विचार : सकाळपासून काय काय खाल्लंस? बहुतेकींचं उत्तर असेल, सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डब्यातली पोळी-भाजी. तुझा सराव पाचला सुरू होतो, म्हणजे डबा खाऊन तीन-चार तास उलटलेले. त्या रिकाम्या पोटावर तू दीड तास पळवणार आणि घरी गेल्यावर ती आधी भांडी घासणार, मग जेवणार. सरावाआधी एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि संपल्या संपल्या फुटाणे-गूळ, उकडलेलं अंडं, जे जमेल ते पोटात गेलंच पाहिजे. गावातल्या दोन-चार दुकानदारांना विचार, शेंगदाणे-गुळाला कुणी नाही म्हणत नाही.

हे एवढं ताणून सांगते, कारण खर्च होते त्याहून कमी खाल्लं की शरीर काटकसर करू लागतं आणि मुलींमध्ये बऱ्याचदा आधी पाळी बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. ती मुलांनाही होते, पण मुलींमध्ये पाळीमुळे लवकर ओळखता येते. पाळी थांबली की हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. तीही नेमकी ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात. ‘पाळी थांबली म्हणजे मेहनत बरोबर चाललीय’ असं मैदानावर अजूनही बोललं जातं. ते साफ चुकीचं आहे. तुझ्यासमोर कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे खोडून काढ. पाळी सुरू झालेल्या मुलीला सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे पाठवायचं.

तू पुरुष आहेस, म्हणून तारखांची वही तू ठेवायची नाहीस. ती प्रत्येकीने स्वतःची ठेवावी, आणि शाळेतल्या एखाद्या बाईंनी किंवा आशाताईंनी महिन्याला एकदा विचारावं. पण विषय मात्र तूच काढायचास, पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर, न लाजता : पाळीत खेळायला हरकत नाही, खूप दुखत असेल तर बसा, दर महिन्याला तसंच दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवू, प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड असतील, न विचारता घ्या. सर एवढं सरळ बोलतात म्हटल्यावर ‘पोटात दुखतंय’ म्हणून चार-चार दिवस दांडी मारणाऱ्या मुली येऊ लागतात.

आता वजन. किशोरी गटाला ५५ किलोची मर्यादा आहे. निवड चाचणीच्या आदल्या दोन दिवसांत मुली जेवण टाकतात, पाणी टाकतात, उन्हात स्वेटर घालून पळतात. हे तुझ्या मैदानावर होऊ द्यायचं नाही. चौदा-पंधराची मुलगी उंच होतेय, भरतेय, तिचं वजन वाढणारच. मर्यादेबाहेर गेली तर तिला वरच्या कुमारी गटात खेळव. ‘जाड झालीस’ हा शब्द तर तोंडातून काढूच नकोस, थट्टेतही नाही. एका वाक्यावर मुली महिनोन्‌महिने अर्धपोटी राहतात.

रक्ताचंही बघ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, म्हणजे तुझ्या संघातही असणारच. पहिल्या दोन चढायांनंतर जिला धाप लागते तिला आळशी म्हणू नकोस. कुणी कच्चे तांदूळ, खडू, माती खाताना दिसते का ते पाहा. लोह कमी असलेल्या मुलींना असं खावंसं वाटतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांचं औषध हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी सगळ्याजणी खरंच गिळतात का, की दप्तरात टाकतात, तेही बघ. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी पालेभाजीवर लिंबू पिळायला सांग.

गुडघ्यांसाठी एक तपासणी शिकून घे. मुलीला छोट्या उडीने एका पायावर उतरायला सांग आणि समोरून बघ. गुडघा आत वळत असेल तर तिचं लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा, धोक्यात असू शकतं. मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत बरीच जास्त होते. उडी मारून मऊ उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, हे आठवड्यातून दोन-तीनदा वॉर्मअपमध्येच घे. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर त्या दिवसापासून पळणं बंद. हाडाला बारीक चीर असू शकते आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही. पकडीत डोक्याला मार लागून भोवळ आली तर सामना कितीही अटीतटीचा असो, तिला त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही.

बाहेरगावी स्पर्धेला जाताना सोबत एक बाई हवीच. पकड शिकवताना हात लावावा लागला तर आधी सांगून, सगळ्यांसमोर. एकटीला खोलीवर बोलावणं नाही, रात्री खासगी मेसेज नाहीत. कुणी मुलीने काही वावगं सांगितलं तर ‘संघाचं नाव खराब होईल’ म्हणून दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे.

आई-वडिलांकडे मात्र स्वतः जा. ‘मुलीला एवढं कशाला खेळवायचं’ म्हणणाऱ्यांना ललिता बाबरचं सांग. माण तालुक्यातल्या मोहीची, दुष्काळी भागातली मुलगी. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या अडथळा शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारताची मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोहोचली होती. पण त्याहून जास्त उपयोग होईल तो तू सराव किती वाजता संपवतोस आणि मुली घरी कशा पोहोचतात, हे सांगण्याचा. आईला खरी काळजी त्याची असते. थंडीच्या दिवसांत सराव अर्धा तास अलीकडे घे.

मैदानाजवळ मुलींसाठी संडास आहे का आणि त्यात पाणी येतं का, ते कळव. नसेल तर मुख्याध्यापकांशी मी बोलते, ते माझे जुने सहकारी आहेत.

तुझ्या बाई