छोट्या लॉनसाठी हाताने ढकलायचं मशीन पुरेल का?

घरासमोर पाचसहाशे चौरस फुटांचं लॉन आहे, गवत कापायला विजेचं मशीन घ्यावं की हाताने ढकलायचं, असं विचारलंय. एवढ्या जागेला हाताचंच घ्या. वायर नको, पेट्रोल नको, आणि काप जास्त स्वच्छ येतो. याची गोल फिरणारी पाती गवत खालच्या स्थिर पट्टीवर घेऊन कात्रीसारखं कापतात. रोटरी मशीनचं, म्हणजे आडवं पातं गरगर फिरवून गवत उडवणाऱ्या मशीनचं, पातं बोथट झालं की शेंडे फाटतात आणि मग पिवळे पडतात.

खरी मेख आहे ती पाती आणि पट्टी यांच्यातल्या अंतरात. वर्तमानपत्राचा लांब तुकडा मध्ये धरा, बोटं लांब ठेवा आणि रीळ, म्हणजे पात्यांचा फिरणारा गोल, सावकाश फिरवा. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही कागद कचकन कापला गेला पाहिजे. नुसता दुमडला, तर अंतराचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवून पट्टी जवळ आणा. 'मशीन बोगस निघालं' म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा एवढंच करायचं राहिलेलं असतं.

पावसाळ्यात मात्र शिस्त लागते. हरळी बघता बघता वाढते, आणि वीतभर झालेलं गवत हे मशीन कापत नाही, आडवं पाडून पुढे जातं. म्हणून उघडीप मिळून गवत सुकलं की लगेच फिरवा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची काढू नका. त्याआधी खडे आणि काड्या वेचा, कारण एका खड्यानेही पात्याला खाच पडते. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्या, त्यांचं खत होतं.