‘नॉर्मल होईल ना?’ या प्रश्नाला ‘होईल’ म्हणू नका

माझ्याकडे येणाऱ्या पहिलटकरणींकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच आहे: ‘ताई, माझं नॉर्मल होईल ना?’ पाचोऱ्याची असो की शिरपूरची, शेतकऱ्याघरची असो की बँकेत नोकरी करणारी, सातवा महिना लागला की हा प्रश्न येतोच. अलीकडे काही मुली मिडवाईफच्या, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या देखरेखीखाली, बर्थिंग सेंटरमध्ये, म्हणजे दवाखान्याबाहेरच्या बाळंतपणाच्या केंद्रात, नैसर्गिक बाळंतपण करायचं ठरवून येतात. त्यांची भीती इतरांहून कमी नसते, उलट बरेचदा जास्तच असते. घरचे चक्रावतात. हट्टाने हिनेच ठरवलं, मग रात्र रात्र जागते कशाला?

भीती अगदी बिनबुडाची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. शेजारीपाजारी, नात्यात प्रत्येकीच्या कानावर दोन-चार सिझरच्या गोष्टी असतात. पण आकडे माहीत असणं वेगळं आणि झोप उडणं वेगळं.

मयूरीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माहेर अमळनेरचं, सासर धुळ्याचं, नवरा नोकरीला पुण्यात. पुण्यातलं एक सेंटर तिने पाहून ठेवलं होतं, नावही नोंदवलं होतं. डोहाळजेवण झालं आणि रीतीप्रमाणे ती माहेरी आली. आईचा आग्रह असा की पहिलं बाळंतपण इथेच, ओळखीच्या डॉक्टरांकडे. मुलगी पुण्याला जायचं म्हणते आणि रात्री दोन वाजता उठून बसते, म्हणून आईच तिला घेऊन आली.

‘ताई, नॉर्मल होईल ना माझं?’

‘आतापर्यंत कोणाकोणाला विचारलंस?’

‘सगळ्यांना. यांना, बहिणीला, डॉक्टरांना. आईला तर रोज.’

‘काय म्हणतात?’

आईच म्हणाली, ‘सगळं नीट व्हई जाई, पोरी, असंच म्हणते मी. दुसरं काय म्हणू?’

‘मग बरं वाटतं तुला?’

‘वाटतं ना,’ मयूरी म्हणाली. ‘संध्याकाळपर्यंत.’

दिलासा तापावरच्या गोळीसारखा असतो. चार तास अंग थंड, मग ताप परत. ‘होईल’ असा शब्द कोणीच देऊ शकत नाही, हे तिच्या मनाला पुरतं ठाऊक असतं. तरी सगळे तो शब्द देतात. मग मन आपला अर्थ काढतं: ‘नाही झालं तर’ हे इतकं भयंकर आहे की ते कोणी तोंडावरही आणत नाही. ज्या विचाराला घरात उच्चारायची बंदी, तोच रात्री दोन वाजता येऊन बसतो. भीतीला पाठ दाखवली की ती वाढते, तिच्याकडे शेवटपर्यंत नीट पाहिलं की ती आपल्या मापाची होते. माझ्या कामाचा सगळा कल याच समजुतीवर उभा आहे, आणि बाळंतपणाच्या भीतीत ती जितकी खरी ठरताना दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते.

आईची शंका आधी मोकळी करावी लागली. ‘सुईणच करायची होती तर आमच्या गल्लीतली दाई काय वाईट होती?’ दाईकडे अनुभव असायचा, पण बीपीचं यंत्र, बाळाचे ठोके ऐकायचं साधन, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन नसायचं. आजची मिडवाईफ ही शिकलेली, नोंदणी असलेली नर्स असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाईफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यांत नर्सला वर १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण ठरवलं आहे. तिचं निम्मं काम पाहण्याचं आणि थांबण्याचं, निम्मं वेळीच ओळखण्याचं. कळा सुरू असताना दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. आतली तपासणी साधारण चार तासांनी, सारखी सारखी नाही. बाळ आलं की आईच्या मांडीत रक्तस्राव रोखणारं १० युनिट ऑक्सिटोसिन, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची, बाळ उघड्या छातीवर, पहिल्या तासात दूध. मयूरीच्या आई, म्हणजे काकू, ऐकत राहिल्या. ‘म्हणजे सुया-औषधं असतात तर,’ म्हणाल्या. त्यांची निम्मी भीती तिथेच उतरली.

मयूरीची नव्हती उतरली. पुढच्या भेटीत तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. ‘नाही झालं तर काय काय होईल, ते लिही.’

‘अशुभ कशाला लिहायचं?’

‘लिही. उत्तरं सेंटरला फोन करून मागव.’

दोन दिवसांनी ती कागद भरून आली. सेंटरमधून दवाखान्यात केव्हा हलवतात, याची यादी होती. बाळाचे ठोके मिनिटाला ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहिले. आईचं बीपी १४०/९० किंवा जास्त. ताप. पाणी फुटलं आणि ते घट्ट हिरवट आलं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटरवर सहा तास किंवा सातवर तीन तास अडून राहिलं. बाळंतपणानंतर अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन, हवं असेल तरी दवाखानाच, सेंटरमध्ये ते मिळत नाही. समोर प्रत्येकाचं उत्तर: कोणती गाडी, किती मिनिटं, तिथे कोण डॉक्टर, रक्ताची सोय कुठे.

मग इंग्लंडचा एक आकडा तिला सांगितला. तिथे २०११ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या बायका, दवाखान्यापासून वेगळी असलेली मिडवाईफची केंद्रं. पहिलटकरणींपैकी शंभरात सुमारे ३६ जणींना मध्येच किंवा बाळंतपण होताच दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत सुमारे नऊ. हलवण्याचं सगळ्यात मोठं कारण कळांची संथ चाल होतं, एकदम आलेलं संकट नव्हे. आणि बाळांच्या तब्येतीत दवाखान्याच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही.

आकडा ऐकून ती घाबरेल असं काकूंना वाटलं. मयूरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या छत्तीसजणी नापास नव्हत्या.’

‘कोण म्हणालं नापास?’

तिचे डोळे भरून आले. ‘मीच म्हणाले होते, ताई. माझ्या जाऊबाईंना. त्यांचं सिझर झालं तेव्हा म्हटलं, तुमचं काय, तुम्हाला आयतं बाळ मिळालं, कळा कुठे सोसल्या.’

मुलीला दुखण्याची भीती आहे, असं घरातले सगळे समजत होते. खरं म्हणजे ज्या बायकांना तिने मनातल्या मनात कमी लेखलं होतं, त्यांच्या रांगेत जाऊन बसायची भीती तिला होती. हे मी पुढे कितीतरी जणींत पाहिलं. ‘नैसर्गिक’ या गोष्टीला जितका मान द्यावा तितका सिझरवालीला अपमान वाट्याला येतो, आणि तो अपमान सगळ्यात आधी स्वतःवर उलटतो. आपल्याकडे हळदीकुंकवाला, बारशाला बायका सहज म्हणून जातात, ‘हिने काय, सिझर करून घेतलं.’ ऐकणाऱ्या गरोदर मुलीच्या पोटात तेव्हा काय रुततं, हे बोलणारीला कळत नाही. मला विचाराल तर बाळंतपणाच्या तयारीत श्वासाच्या व्यायामाआधी हे बोलणं बंद करायला हवं.

तिने त्याच रात्री जाऊबाईंना फोन केला, क्षमा मागितली. जाऊबाईंनी पहिल्यांदाच तिला सांगितलं की ऑपरेशनच्या आधी त्यांनी चौदा तास कळा काढल्या होत्या.

त्यानंतर दुखण्याकडे वळता आलं. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच मांडलं होतं: भीतीने अंग आवळतं, अंग आवळलं की दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की भीती वाढते. घाबरलेल्या शरीरात अॅड्रेनलीन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन दबतं, म्हणून सुरुवातीच्या कळा अनोळखी, उजेडी, गोंगाटी खोलीत पाऊल टाकताच मंदावू शकतात. हे सांगून पटत नाही, करून पटतं. बर्फाचा खडा मुठीत धरून एक मिनिट बसायला सांगा. साधारण तेवढीच एक कळ टिकते, पंचेचाळीस ते साठ सेकंद. मयूरीने पहिल्यांदा दात आवळले, खांदे कानाला लावले, चाळीस सेकंदांत खडा टाकला. दुसऱ्यांदा जबडा सैल, श्वास लांब सोडायचा, डुलत चालायचं, आणि काकूंचा तळहात कमरेच्या खाली घट्ट दाबलेला. मिनिट गेलं. ‘तेवढंच दुखलं,’ ती म्हणाली, ‘पण पळावंसं नाही वाटलं.’ घरी दोघींनी हे रोज संध्याकाळी केलं, बर्फाशिवायसुद्धा. दाबायची जागा, दाबाचा जोर, कोणता शब्द बोललेला चालतो आणि कोणता नको, हे आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी गोंधळ होत नाही.

छत्तिसावा आठवडा लागण्याआधी ती पुण्याला गेली, आणि काकू सोबत गेल्या. माहेर घेऊनच गेली म्हणा ना. तिथल्या सेंटरमध्ये सात सेंटीमीटरवर तीन तास अडलं. मिडवाईफने हलवायचं सांगितलं तेव्हा मयूरीने इतकंच विचारलं, ‘तुम्ही सोबत येणार ना?’ मिडवाईफ गाडीत सोबत बसल्या. दवाखान्यात सलाईनमधून कळा वाढवायचं औषध लावलं, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं, पहाटे खालूनच मुलगी झाली. थोडे टाके पडले. काकू फोनवर म्हणाल्या, ‘रात्रभरात एकदाही विचारलं नाही हिने, नॉर्मल होईल का.’

आता, सेंटर कोणी निवडावं? एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, वार खाली नाही, आधीचं सिझर नाही, बीपी-साखर ताब्यात, रक्त चांगलं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते आधी वाढवायचं. नंदुरबार, धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, म्हणून तपासणी नसेल झाली तर आज करा. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, नुसतं वाहक असणं वेगळं. सेंटरवाल्यांना विचारा: जवळचं ऑपरेशन थिएटर किती मिनिटांवर, रात्री तीन वाजता डॉक्टर कोण, मागच्या वर्षी किती पहिलटकरणी हलवल्या. शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

आपल्याकडे जवळ सेंटर नाही, म्हणून हात टेकायची गरज नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपणात सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, अंगावर स्वच्छ कपडे असावेत, तिला संसर्गाचा आजार नसावा आणि शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी. सततच्या सोबतीने कळांचा वेळ कमी होतो आणि सिझरही कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आई, सासू, बहीण यांतली कोण येणार ते नवव्या महिन्याआधी ठरवा आणि नोंदणी करतानाच लेबर रूमच्या सिस्टरला विचारून ठेवा. चालू देता का, कुशीवर झोपू देता का, पाणी पिऊ देता का, हेही विचारा. जोखीम नसलेल्या बाईने कळांमध्ये हलकं खायला हरकत नसते: केळं, पातळ खिचडी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास बाळंतपण असेल तर जळगावच्या उन्हात पाणी कमी पडू देऊ नका.

दोन गोष्टी मात्र ठामपणे नाकारा. कळा याव्यात म्हणून घरी एरंडेल पाजणं, कारण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं आणि ऐन कळांत ताकद राहत नाही. आणि गावात कोणी ‘कळा वाढवायचं’ इंजेक्शन टोचत असेल तर ते. मोजल्याशिवाय दिलेल्या ऑक्सिटोसिनने गर्भपिशवी फाटू शकते, बाळाचा श्वास कोंडू शकतो. ते दवाखान्यातच, सलाईनमधून, ठोके ऐकत ऐकतच द्यायचं असतं. पोटावर बसून दाबणाऱ्यालाही थांबवा.

पहिल्या खेपेला कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, आणि असं तासभर चाललं की निघायचं. पाणी फुटलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तासभर थांबायचं नाही, तेव्हाच निघायचं. १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात जाण्यायेण्याची गाडी, बाळंतपण आणि लागलंच तर सिझर, हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आणि मुलीने विचारलं, ‘नाही झालं तर?’, तर तिला गप्प करू नका. कागद-पेन घ्या आणि तिच्या शेजारी बसून उत्तरं लिहून काढा.