दोन देशांत शिकून दमलेय, सगळं सोडून डिचोलीला परत येऊ का?

पत्र (थोडं कापून): मावशी, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय २४. इरास्मुस मुंडुसची (युरोपियन युनियनची, वेगवेगळ्या देशांतल्या युनिव्हर्सिटींनी मिळून चालवलेल्या कोर्ससाठीची) स्कॉलरशिप मिळाली म्हणून पर्यावरणातल्या मास्टर्सला आले. पहिलं वर्ष पोर्तुगालमधे पोर्तूला झालं, आता तिसरं सेमिस्टर जर्मनीत, एका लहान गावात. पोर्तूत मी रमले होते. इथे कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. चार वाजता काळोख, रविवारी सगळं बंद, पहिल्याच सेमिनार पेपरला २.७ मिळाले. चवथीला घरी येता आलं नाही कारण तेव्हा इथे रूम शोधत फिरत होते. घरचे माझे फोटो अख्ख्या वाड्याला दाखवतात, त्यांना काय सांगू? त्यात आई म्हणते आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट करून घे म्हणजे तिथेच राहता येईल. मला वाटतं बॅग भरावी आणि यावं. येऊ का?

उत्तर:

बाय, तुझं पत्र वाचलं आणि आधी एकच सांगते, आत्ता येऊ नकोस. कायम येऊच नको असं म्हणत नाहीये, जानेवारीत येऊ नकोस एवढंच. कारण आत्ता तू जे ठरवशील ते तुझा थकवा ठरवेल, आणि हा थकवा कुठून आलाय ते मला चांगलं दिसतंय.

मी स्वतः आधी लिस्बनला शिकले आणि मग इंग्लंडमधे. तेव्हा फोन महाग होता, पत्र पोचायला आठवडे लागायचे, तो भाग सोड. पण जे मला पहिल्या देशात कळलं नव्हतं आणि दुसऱ्यात कळलं ते हे की दुसरा देश जास्त जड जातो. सगळ्यांना वाटतं एकदा बाहेर राहिलं की सवय होते, पुढचं सोपं. तसं होत नाही गे. पहिल्या वेळी अंगात उत्साह असतो, सगळे विचारपूस करत असतात, आपण स्वतःच स्वतःला माफ करत असतो की नवीन आहे, चुकणारच. दुसऱ्या वेळी तेच सगळं परत करायचं असतं, रूम, बँक, इन्शुरन्स, पत्त्याची नोंदणी, नवी भाषा, बसचं तिकीट कुठून काढायचं इथपासून, आणि वर असं वाटत राहतं की आता तरी मला हे जमायला पाहिजे. त्यात तू पोर्तूत नुकती कुठे माणसं जोडली होतीस आणि ती माणसं जुलैत तिथेच सोडून आलीस. त्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तुला डिचोलीइतकीच पोर्तूची पण आठवण येतेय आणि ते स्वतःशी म्हणायला तुला चोरट्यासारखं वाटतंय. वाटू दे आठवण. त्याने घरावरची माया कमी होत नाही.

पोर्तुगालमधे गोंयकाराला एक फायदा मिळतो, तो मलाही मिळाला होता. गोवा म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, कुणाचा तरी काका इथे सैन्यात होता, कुणाला आपली आडनावं माहीत असतात, काही नाही तरी बोलायला विषय मिळतो. जर्मनीत गोवा म्हणजे बीच, त्यापुढे काही नाही. तिथे तू पहिल्यांदाच कुठलीही ओळख नसलेली आहेस. हे लागतं मनाला. तिथली माणसं तुला टाळतायत असा अर्थ मात्र काढू नकोस.

आता मार्कांचं. पोर्तुगालमधे २० पैकी असतात, १० ला पास, आणि तुला तिथे १६ च्या आसपास पडत असणार. जर्मनीत उलटं, १.० सगळ्यात वर आणि ४.० ला पास. २.७ म्हणजे तिथल्या हिशेबाने समाधानकारक, नापास व्हायला अजून बरीच जागा आहे. आणि आपल्या गोवा युनिव्हर्सिटीत कसं, आयएसए असतं, म्हणजे मधे मधे चाचण्या होतात, सर ओळखतात, कुठे चुकलं ते सेमिस्टर संपायच्या आत कळतं. तिथे बऱ्याच विषयांत शेवटचा एक पेपर किंवा एक परीक्षा, बस. मधे कुणी विचारत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं बरं चाललंय. त्या प्रोफेसरच्या ऑफिस अवरला जा आणि सरळ विचार की २.० साठी या पेपरात काय हवं होतं. तिथे असं विचारणं उद्धटपणा समजत नाहीत, उलट विद्यार्थ्याने वाद घालावा हीच अपेक्षा असते. आपल्याकडे गुरुजींना प्रश्न विचारताना अर्धा जीव माफी मागण्यात जातो, ते जरा बाजूला ठेव.

सोडायचं म्हणतेस तर काय सोडतेयस ते नीट बघ. ही स्कॉलरशिप महिन्याला १,४०० युरोची, जास्तीत जास्त २४ महिने, आणि एकदा घेतली की पुन्हा मिळत नाही. नियमच तसा आहे. लेक्चर्स फेब्रुवारीत संपतील. मग राहतो थीसिस. आणि तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की तू कोर्सच्या कोऑर्डिनेटरशी एकदाही बोललेली दिसत नाहीस. जॉइंट कोर्समधे बऱ्याचदा थीसिस दुसऱ्या पार्टनर युनिव्हर्सिटीत करता येतो. म्हणजे चौथं सेमिस्टर कदाचित पोर्तूला, तुझ्या जुन्या माणसांत. नाहीतर विषयच आपल्याकडचा घे, डिचोलीत खाणींचं काय झालं ते तू लहानपणापासून बघितलंयस, २०१२ ला बंद, मग चालू, २०१८ ला परत बंद, ती पाण्याने भरलेली खड्डे-खंदकं, शेतात आलेली लाल माती. पर्यावरण शिकणाऱ्या दुसऱ्या कुठल्या पोरीकडे हे असेल? फील्डवर्क म्हणून काही आठवडे घरी यायची परवानगी मागता येते. एक सेमिस्टर थांबायची सोय पण असू शकते, स्कॉलरशिपचं काय होईल ते मात्र आधी लेखी विचारून घे. आणि एक लक्षात ठेव, जर्मनीतून सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस तर साधारणपणे तिथला रेसिडेन्स परमिट रद्द होतो, म्हणून न विचारता विमानात बसू नकोस.

आता आईचं म्हणणं. हे जरा सविस्तर लिहिते कारण गोव्यात घरोघरी हाच विषय आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा हा रस्ता देतो, खरं आहे. पण काम पायरीपायरीने असतं, आधी आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग लग्न, मग तुझ्या बाबांचं आणि मग तुझं. जुन्या दाखल्यात नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं असलं की त्यातच महिने जातात. आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपलं जातं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) मिळालं तर येता-राहता येतं, पण मत देता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे बंद, शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या घरचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे असं तू लिहिलंयस, मग हे आईला माहीत असायलाच हवं. आणि ज्यांच्या डोक्यात पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे इंग्लंड आहे त्यांना सांग की ब्रेक्झिटनंतर तो रस्ता बंद झाला, ज्यांनी २०२० संपायच्या आत तिथे बस्तान बसवलं त्यांचं वेगळं.

मुख्य म्हणजे तुला त्या पासपोर्टची आत्ता गरजच नाही. जर्मन युनिव्हर्सिटीची डिग्री हातात आली की भारतीय पासपोर्टवरच नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तुझा कोर्स जॉइंट आहे, तेव्हा तुझ्या डिग्रीला हे लागू होतं का ते इंटरनॅशनल ऑफिसात विचार. आई पासपोर्ट म्हणते तेव्हा तिच्या मनात काय आहे ते मी ओळखते, तिला वाटतं एवढं शिकून पोर इथे येऊन घरी बसेल. ती भीती खरी आहे, गोव्यात तुझ्या विषयातल्या नोकऱ्या किती आहेत ते मलाही दिसतं. पण नागरिकत्व बदलायचा निर्णय अशा दिवसांत घ्यायचा नसतो जेव्हा माणसाला आज जेवायला काय करू हेही ठरवता येत नाही. तो तीन-चार वर्षांनी घेतलास तरी काही बिघडत नाही.

फोटोंचं मात्र तुलाच बघावं लागेल. आईला खरं सांग. सगळं एकदम नको, एवढंच सांग की इथे एकटं वाटतं आणि मार्क अपेक्षेपेक्षा कमी आले. तिने ऐकून लगेच परत ये म्हटलं तर घाबरू नकोस, आई पहिलं तेच म्हणते. आणि वेळ नीट निवड. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, तू संध्याकाळी सातला मोकळी होतेस तेव्हा घरी साडेअकरा वाजलेले असतात, आई पेंगत असते आणि तुला वाटतं तिला रस नाही. रविवारी सकाळी नऊला कर, इथे दीड, हुमण-भात जेवून सगळे निवांत बसलेले असतात. तसंही तुझं सगळं बंद असतं त्या दिवशी.

माणसांसाठी एक सुचवते. जर्मनीत ओळखी पार्टीत किंवा कॉरिडॉरमधे फारशा होत नाहीत, त्या होतात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेलं काम एकत्र करताना. म्हणून तिथे गावागावात क्लब असतात, गाण्याचे, डोंगर चढायचे, बागकामाचे. तू घुमटाच्या, म्हणजे आपल्या मातीच्या वाद्याच्या, तालावर आरत्या म्हणत मोठी झालेली, भजनात बसणारी. जवळपास प्रत्येक युनिव्हर्सिटीत कोअर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा गट, असतो, जा आणि नाव घाल. पहिले दोन-तीन आठवडे कुणी फारसं बोलणार नाही. चौथ्या आठवड्यात गेली नाहीस तर विचारतील कुठे होतीस. भाषा पण तिथेच सुटेल.

आणि हे नीट वाच. झोप लागत नाही, अंघोळ-जेवण नकोसं वाटतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते फक्त घरची आठवण येणं नव्हे. विद्यार्थ्यांसाठी तिथे श्टुडिरेंडनवेर्कचं (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेचं) काउन्सेलिंग असतं, बहुतेक ठिकाणी फुकट, इंग्लिशमधे पण मिळतं, तुझ्या युनिव्हर्सिटीला किंवा घरी काही कळवत नाहीत. अपॉइंटमेंट घे. जगावंसं वाटत नाही असं कधी मनात आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच क्षणी शेजारचं दार वाजव नाहीतर ११२ फिरव.

फेब्रुवारीच्या परीक्षा झाल्या, कोऑर्डिनेटरचं उत्तर आलं, आईशी बोलणं झालं आणि तरीही यावंसं वाटलं, तर ये. तेव्हा मी अडवणार नाही, आणि अर्धवट सोडून आली असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

कोऑर्डिनेटरला मेल आज रात्रीच कर, चार ओळींचा पुरे, त्यात माफी मागत बसू नकोस. काय उत्तर येतं ते मला कळव. पासपोर्टचा भाग हवा तर आईला वाचून दाखव, तो तिच्यासाठीच लिहिलाय.

तुझी मावशी