ध्येय आणि मूल्ये सगळ्याच विद्यापीठांची सारखी दिसतात, मग सार्वजनिक विद्यापीठाचे वेगळेपण कशात आहे?

बारावीनंतरच्या प्रवेशासाठी विद्यापीठांची संकेतस्थळे चाळताना 'ध्येय, दृष्टी आणि मूल्ये' या मथळ्याखाली सगळीकडे गुणवत्ता, नवोन्मेष, सर्वांगीण विकास हेच शब्द दिसतात, मग सरकारी आणि खासगी यांत फरक तो काय, असे आपण विचारले आहे. मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि परीक्षेच्या कामाशी माझा बराच संबंध येतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांपुरते उत्तर देतो.

संकेतस्थळावरचा मजकूर बाजूला ठेवा. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांचे ध्येय कायद्यात लिहिलेले आहे. 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' हा तो कायदा असून तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे, आणि त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यातली उद्दिष्टे बऱ्याच अंशी त्यातही आली आहेत. ज्ञान निर्माण करणे, जतन करणे आणि पसरवणे हे पहिले काम तर आहेच, पण पुढची कलमे मला अधिक मोलाची वाटतात. विद्यापीठाने आपल्या भागातल्या विकासाच्या प्रश्नांशी जवळचे नाते ठेवावे. राज्यघटनेतले स्वातंत्र्य, धर्मनिरपेक्षता, समता आणि सामाजिक न्याय पुढे न्यावेत. दुर्बल घटकांमध्ये स्वाभिमानाची जाणीव निर्माण करावी. श्रमाला प्रतिष्ठा मिळवून द्यावी. आणि समाजाचा जाणकार व वस्तुनिष्ठ टीकाकार म्हणून आपली जबाबदारी पार पाडावी, असे हा कायदा सांगतो. शेवटचा मुद्दा पुन्हा वाचावा अशी माझी विनंती आहे. ज्या संस्थेचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात, तिने समाजाला आणि वेळ आली तर राज्यालाही चुकीचे ते चुकीचे म्हणून दाखवावे, ही अपेक्षा खुद्द राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात घालून ठेवली आहे.

त्याच उद्दिष्टांमध्ये आर्थिक स्वयंपूर्णता मिळवणे हेही एक आहे, आणि सोयीसुविधांचे न्याय्य वाटप करणे हेही आहे. या दोघांचे एकमेकांशी जमवून घेणे सोपे नाही. विनाअनुदानित तुकडी काढली की पैसा येतो, पण ज्याच्यासाठी विद्यापीठ काढले तोच विद्यार्थी त्या तुकडीच्या दारात अडतो. कायमस्वरूपी प्राध्यापकाऐवजी तासिका तत्त्वावर माणूस घेतला की खर्च वाचतो, पण चार महाविद्यालयांत धावपळ करून तास घेणाऱ्या त्या तरुणाला संध्याकाळी विद्यार्थ्याशी बोलत बसायला वेळ कुठून मिळणार? माझे मत स्पष्ट आहे : ही दोन उद्दिष्टे जेव्हा समोरासमोर येतील तेव्हा न्याय्य वाटपाला आधी स्थान मिळाले पाहिजे, कारण विद्यापीठाच्या नावाआधी लागलेल्या 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ तोच आहे.

हा अर्थ समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे महाविद्यालयांना संलग्न करून घेणारे आणि परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून. शिकवणे हे सुरुवातीला त्याचे कामच नव्हते. १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली ती अवघ्या चौघांची, आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे व रामकृष्ण भांडारकर होते. ही दारे किती अरुंद आहेत हे महात्मा फुले यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात सांगितले. त्या निवेदनातली प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते, पण विद्यापीठाविषयीची मागणी फारशी कोणाला आठवत नाही. खासगीरीत्या अभ्यास करणाऱ्याला मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसता येते याचे त्यांनी स्वागत केले आणि हीच सवलत बी. ए., एम. ए.च्या परीक्षांपर्यंत वाढवावी, असे सुचवले. त्यानंतर १०७ वर्षांनी, १९८९ मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. त्याचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी फुल्यांचे ते निवेदन आठवते.

राज्यातली पुढची बहुतेक विद्यापीठे अंतर कमी करण्यासाठी निर्माण झाली. मराठवाड्यातली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ झाले तेव्हा हा प्रवास थांबला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, १९८३ मध्ये अमरावती, १९९० मध्ये जळगाव, १९९४ मध्ये नांदेड, २००४ मध्ये सोलापूर आणि २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करण्यासाठी तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या नागपूरला जावे लागत असे, हे लक्षात घेतले की गडचिरोलीत स्वतंत्र विद्यापीठ का हवे होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

अंतर मात्र किलोमीटरमध्येच मोजता येते असे नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, आणि नामविस्तार प्रत्यक्षात झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाला. विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी माणसांनी प्राण दिले असतील, तर त्या विद्यापीठाची मूल्ये ही संकेतस्थळाच्या कोपऱ्यातली बाब राहत नाही. पुढे २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि आज त्यांच्या नावाने पदव्या दिल्या जातात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता आपल्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. ही सगळी मूल्ये रोजच्या कामात दिसतात कुठे? एक प्रसंग सांगतो. आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाला एक मुलगी होती. वडिलांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे दसरा झाल्यावर घरातला कोयता, म्हणजे ऊस तोडणारे आईवडील, साखर कारखान्यावर गेले आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला तिलाही जावे लागले. ती परत आली तेव्हा परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते आणि पिशवीत मागच्या सत्राची गुणपत्रिका घडी करून ठेवलेली होती. तिच्यात अर्थशास्त्राला ७१ गुण होते. अतिविलंब शुल्क आम्ही प्राध्यापकांनी मिळून भरले असते, पण पोर्टलच बंद झाले होते. प्राचार्यांचे पत्र घेऊन मी परीक्षा विभागात गेलो. पहिल्या दोन टेबलांवर 'आता काही होणार नाही' हे ऐकून घेतले. तिसऱ्या टेबलावरच्या कक्ष अधिकारी बाईंनी पत्र पूर्ण वाचले, तिच्या आधीच्या गुणांवर बोट ठेवून 'मुलगी हुशार दिसते' एवढेच म्हणाल्या आणि वरिष्ठांची परवानगी घेऊन अर्ज उघडून दिला. ती परीक्षेला बसली आणि आज पदवीधर आहे. त्या वर्षापासून आम्ही ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधीच अशा विद्यार्थ्यांची कागदपत्रे आणि सह्या घेऊन ठेवतो आणि अर्ज सुरू झाले की महाविद्यालयातूनच भरतो. सामाजिक न्याय हा शब्द मी पुष्कळदा शिकवला आहे, पण त्या तिसऱ्या टेबलावर तो मला जितका स्वच्छ दिसला तितका वर्गात कधी दिसला नव्हता.

दुसरी जागा म्हणजे मूल्यमापन केंद्र, ज्याला आम्ही 'कॅप' म्हणतो. लांब टेबले, बारकोड लावलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि वेळेत संपवण्याची घाई. कायद्यानुसार शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवस ओलांडायचे नसतात. निकाल लांबला की पुढच्या प्रवेशाची किंवा नोकरीची संधी जाते, आणि ती परवडत नाही ती नेमकी गरीब मुलांनाच. म्हणून हा नियम मला साऱ्या कायद्यातला एक अत्यंत माणुसकीचा नियम वाटतो. अशाच एका गठ्ठ्यात पुरवठ्याच्या लवचीकतेवर, म्हणजे भाव बदलला की विक्रीला येणारा माल किती बदलतो यावर, एक उत्तर आले होते. पुस्तकातली व्याख्या अर्धवट होती, पण पुढे विद्यार्थ्याने लिहिले होते की, ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो भाव पडल्यावर थांबू शकतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला मिळेल त्या भावाने कांदा विकावाच लागतो, म्हणून एकाच गावात एकाच मालाच्या पुरवठ्याची लवचीकता दोन शेतकऱ्यांसाठी वेगवेगळी असते. आदर्श उत्तरात असे काही नव्हते. मी सातपैकी सहा गुण दिले आणि दिलेले गुण पुन्हा तपासणाऱ्या नियामकांनी ते कायम ठेवले. स्थानिक प्रश्नांशी ज्ञानाचे नाते जोडावे असे कायदा म्हणतो. त्या मुलाने ते अडीच पानांत जोडले होते, आणि घाईघाईत तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते निसटले असते तर दोष त्या मुलाचा नसता.

खासगी विद्यापीठांविषयी आकस मनात धरून मी लिहीत नाही. काही ठिकाणी प्रयोगशाळा आमच्यापेक्षा सुसज्ज आहेत आणि निकालही वेळेवर लागतात. फरक बांधणीत आहे. खासगी विद्यापीठाला महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. त्याची जबाबदारी आपल्या आवारात आलेल्या विद्यार्थ्यापुरती असते. सार्वजनिक विद्यापीठाला कायद्याने कार्यक्षेत्र नेमून दिलेले असते, आणि त्या जिल्ह्यांतले शेवटच्या गावचे दोन खोल्यांचे संलग्न महाविद्यालयही त्याच्याच पदरात असते. त्याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे जातो आणि त्याच्या कारभाराविषयी माहितीच्या अधिकारात कोणालाही विचारता येते. त्यामुळे विद्यापीठ निवडताना माझा सल्ला असा की, त्या विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, मागच्या तीन परीक्षांचे निकाल किती दिवसांत लागले, वसतिगृहात जागा कशी मिळते, 'कमवा आणि शिका' योजना खरोखर चालू आहे का आणि अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, एवढे विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पदवी मिळाल्यानंतरची आहे. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात, आणि त्यांतल्या पाच जागा राखीव असतात. अंदाजपत्रकावर आणि कारभारावर प्रश्न विचारण्याचा अधिकार या सदस्यांना असतो, पण पुष्कळ पदवीधर मतदार म्हणून नावच नोंदवत नाहीत. निवडणुकीआधी नोंदणीची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. तेव्हा पदवी प्रमाणपत्राची आणि रहिवासाच्या पुराव्याची प्रत जोडून अर्ज करा, आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडेपर्यंत थांबू नका.