नवे महागडे स्पीकर आणले, तरी बाबांना जुना कॅसेट डेकच गोड का लागतो?

तुम्ही विचारलंय की चाळीस हजार घालवूनही वडील "आपला जुना डेकच बरा" म्हणतात, तर त्यांचे कान गेले की तुम्ही फसलात? दोन्ही नाही. आमच्या घरी हा वाद दोन वर्षं चालला आहे, म्हणून लिहितोय.

आधी सांगा, ते किती आवाजात ऐकतात? माझे वडील पहाटे साडेपाचला अभंग लावतात, शेजारी जागे होणार नाहीत इतक्या हळू. आवाज कमी केला की आपल्या कानांतून आधी बेस, म्हणजे खालचे जाड सूर, निसटतो, मधले सूर टिकतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणून तर जुन्या डेकवर 'लाउडनेस'चं बटण असायचं. हळू ऐकताना ते बेस उचलून द्यायचं. आमच्याकडे ते कायम दाबलेलंच. माझ्या नव्या अँपला (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरला) ते बटणच नाही. त्यामुळे पहाटे डग्गा गायब! "तबलजी एकाच हाताने वाजवतोय का रे?" असं वडिलांनी विचारलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर शांतपणे ऐकलं, तर खरंच.

शिवाय सवय. मीडियम वेव्हच्या रेडिओवर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी बारीक, तीव्र आवाजांतलं, फारसं काही यायचंच नाही. त्यावर वाढलेल्या माणसाला गाणं म्हणजे गळा. नवा स्पीकर जुन्या तबकडीवरची खरखरही इमानदारीत ऐकवतो. सकाळी सकाळी एवढी इमानदारी कोणाला हवी असते?

एका रविवारी मी दोन्ही सेट चादरीआड लपवून घरच्यांची परीक्षा घेतली. नवा जिंकला. मी खूश. मग मोबाइलवरच्या मीटरने बघितलं, तर तो जवळजवळ तीन डेसिबल मोठा वाजत होता. जरा मोठा वाजणारा सेट कानाला चांगलाच वाटतो (दुकानात डेमो ऐकताना हे लक्षात ठेवा). आवाज सारखा करून पुन्हा ऐकवलं. सतारीला मी नवा निवडला, वडिलांनी अभंगाला जुना, तोही न बघता. एका भावगीताला मीसुद्धा जुनाच निवडला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही एवढं करून बघा: स्पीकर भिंतीच्या जरा जवळ सरकवा, बेस भरतो. हळू ऐकताना बेसचा नॉब थोडा वर, ट्रेबल (बारीक, तीव्र सूर) थोडा खाली. तरी नाहीच पटलं, तर डेकचा बेल्ट बदलून घ्या, टेप जिथे घासते ते हेड स्पिरिटने पुसा आणि तो त्यांच्या खोलीत ठेवा.

आमच्याकडे आता तशीच वाटणी आहे. मुलाला मात्र छातीत धडधडणारा सबवूफर हवाय. तो मी आणू दिलेला नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंशी माझे संबंध अजून चांगले आहेत.