सिनेमातली बाई बदलली, की नुसता तिचा ब्लाऊज?

तुम्ही विचारलंय की, कॉलेजच्या प्रकल्पात ‘लोकप्रिय सिनेमातली पूर्वीची नायिका सोशिक होती, आताची स्वतंत्र झाली’ असं लिहिलं तर चालेल का. लिहू नका. मार्क मिळतील कदाचित, पण सनावळी उलटी पडते.

१९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला, व्ही. शांताराम यांचा. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार होत नाही, आणि ते तोंडावर सांगते. शांता आपटे यांनी ती अशी ठसक्यात केलीय की आजच्या पोरींनीही बघावी. ही बाई पडद्याबाहेरही तशीच होती. १९३९ मध्ये कराराच्या भांडणावरून प्रभात स्टुडिओच्या फाटकात उपोषणाला बसली होती.

आता तिथून ५४ वर्षं पुढं या. १९९१, ‘माहेरची साडी’. अलका कुबल यांची लक्ष्मी बापाला नकोशी, सासरी छळलेली, आणि तिच्याकडं सगळ्यावर औषध एकच, सोसणं. मुळात राजस्थानी सिनेमावरून बेतलेली गोष्ट, पण आमच्या मराठवाड्यात अशी चालली की जणू शेजारच्या वाड्यातली. माझ्या सासूबाईंनी तो परत परत पाहिला. पुण्या-मुंबईची मंडळी त्या सिनेमाला हसतात, मला हसू येत नाही. घरात रडायची सोय नसलेल्या बायांना तीन तास अंधारात पदर तोंडाला लावून बसता आलं, वर कुणी ‘काय झालं गं?’ विचारलं नाही. तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल. पण म्हणून लक्ष्मी नीरापेक्षा पुढची ठरत नाही.

मी कोण, तर बीड जिल्ह्यात केजला माझं शिलाईचं दुकान आहे. आधी सासूबाई चालवायच्या, आता मी. सिनेमाचा अभ्यास वगैरे काही नाही, पण सिनेमातून बायांपर्यंत नेमकं काय येतं ते माझ्या टेबलावर रोज येऊन पडतं. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरीच्या जांभळ्या साडीवरचा तो पाठ उघडी असलेला ब्लाऊज सगळ्यांना हवा झाला. सासूबाई सांगतात, पाठ एवढी खोल घेतली की गळा खांद्यावरून घसरतो, म्हणून वर दोरी लागते. आणि दोरी लावली की घरचा म्हातारा ओरडतो. मग बाया तो ब्लाऊज शिवून घ्यायच्या, घालायच्या आणि त्यावर पदर पिनांनी घट्ट लावायच्या. आता तर फोनवर रील दाखवतात, ‘ताई, अस्साच गळा, आणि लटकन मोठं.’

हिरॉईनचा गळा आठ दिवसांत केजला पोचतो. हिरॉईनची नोकरी काही पोचत नाही, कारण बहुतेकदा तिला नोकरी नसतेच. किंवा असली तर पहिल्या गाण्यापर्यंत. डॉक्टर असते, पत्रकार असते, गळ्यात ओळखपत्र घालून दोनदा जिना उतरते, आणि मग हिरो भेटला की त्या दवाखान्याचं, त्या पेपराचं पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नसतं.

म्हणून माझा एकच प्रश्न असतो: या बाईला काम आहे का, आणि त्या कामाचा पैसा कुणाच्या हातात पडतो? कपडे तोकडे का लांब, शिव्या देते का नाही, सिगारेट ओढते का, यावर ‘स्त्रीचं चित्रण’ तोलणारे लेख तुम्हाला ढिगानं मिळतील. त्यांना बाजूला ठेवा आणि हा प्रश्न लावून बघा, जुन्या-नव्याची सगळी उतरंड बदलते.

‘मदर इंडिया’ १९५७ चा. सगळे शेवटच्या गोळीबद्दल बोलतात, आईनं पोटच्या पोराला मारलं त्याबद्दल. मला त्यातली नर्गिस चिखलात दिसते. नांगर ओढते, सावकाराचं कर्ज फेडते, हात काळे पडलेत. तिला देवी करून टाकलंय ते मला पटत नाही, पण निदान ती दमते. दमलेली नायिका आपल्या सिनेमात केवढी दुर्मीळ आहे बघा.

आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीला गाड्या भरायला लागतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एकच नोंद, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात. पाचट अंगाला कापतं म्हणून बाया साडीवर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट घालतात. जायच्या आधी मापाचा ब्लाऊज आणून टाकतात आणि सांगतात, ‘गळा लई नको, बाही कोपरापर्यंत घ्या.’ साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेली नायिका मोठ्या सिनेमात मला तरी दिसलेली आठवत नाही. शेतातली हिरॉईन म्हटलं की इस्त्रीची घागरा-चोळी आणि डोक्यावर रिकामी पाटी. २०१९ मध्ये याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशनांची देशभर चर्चा झाली, सरकारनं समिती नेमली. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीसुद्धा नको झालेल्या या बाया. लोकप्रिय सिनेमाला त्यांच्यात गोष्ट दिसली नाही.

बोलीचंही तसंच. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली पडद्यावर नेली, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. पण ती आली पुरुषाच्या तोंडी आणि हशासाठी. त्याच बोलीत एखादी नायिका गंभीरपणे चार वाक्यं बोलतेय, असं अजून व्हायचंय.

आता ‘सैराट’वर येऊ, २०१६. तुम्ही तो घेणारच, आणि बहुतेक बुलेट-ट्रॅक्टरवरच्या आर्चीवर पान भरून लिहिणार. पोरींना ती आवडली, माझ्या दुकानातही ‘आर्चीसारखा’ ड्रेस मागायच्या. पण ट्रॅक्टर तिच्या बापाचा, बुलेटही घरची. तिची ती ऐट पाटलाच्या पोरीची ऐट आहे. खरी गंमत ती परशाबरोबर पळून हैदराबादला गेल्यावर सुरू होते. झोपडपट्टीतल्या घाणीनं तिला मळमळतं, स्वयंपाक येत नाही, घरची आठवण काढून रडते. मग बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला लागते, भाषा शिकते, पैसा पैसा जोडून घराचं बघायला लागते. रिंकू राजगुरू यांनी तिथं चालसुद्धा बदललीय. आमच्या भागातून हैदराबादला कामाला गेलेली माणसं घरोघरी सापडतील, त्यामुळं तो भाग इथं जरा जास्तच आत जातो. प्रकल्पात त्यावर लिहा, बुलेटवर सगळेच लिहितात.

दक्षिणेकडच्या डब सिनेमांचं थोडक्यात सांगते, कारण गावागावात टीव्हीवर तेच चालू असतात. देगलूर-बिलोलीकडं तर काही जण मूळ तेलुगूतच बघतात. ‘पुष्पा’मध्ये, २०२१ च्या, नायिकेनं हिरोकडं बघून हसावं म्हणून पैसे देतात आणि तो विनोद म्हणून चालतो. तिला घरचा दुधाचा धंदा आहे, तो फक्त हिरो रस्त्यात उभा राहावा एवढ्यापुरता. तेलुगूवरून हिंदीत नव्यानं केलेल्या ‘कबीर सिंग’ची प्रीती मेडिकलला शिकते, पण काय शिकते, तिला काय व्हायचंय, देव जाणे. यापुढं मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा, २०२३ मध्ये, आमच्या बचत गटातल्या बाया गाडी करून लातूरला गेल्या, नटूनथटून. मला शिवलेल्या नऊवारीच्या एवढ्या ऑर्डरी आल्या की रात्री मशीन चालू ठेवावी लागली, तेव्हा त्या सिनेमाला मी नावं कशी ठेवू! पन्नाशीतल्या बाया मध्यभागी आणि नवरे कडेला, हे छानच. फक्त त्या सिनेमात खेळतात ती मंगळागौर आमच्याकडं बहुतेक घरांतला खेळ नाही. इथं पंचमीचा झोका, फेर आणि गाणी. सिनेमा पाहून आल्यावर मात्र गटातल्या बायांनी मंगळागौर बसवली, पंचमीचा फेर राहून गेला. याची मला थोडी हळहळ वाटते.

पडद्यामागंही एकदा बघा. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’त तारामती झाले अण्णा साळुंके, कारण दादासाहेब फाळक्यांना काम करायला बाई मिळेना. नंतर दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. बायका पडद्यावर येऊन शंभर वर्षं झाली तरी मुंबईच्या सिनेमात मेकअप करायचं काम बायांना बंद होतं. मेकअप आणि केस करणाऱ्यांची संघटना त्यांना केस करण्याचं कार्ड द्यायची, मेकअपचं नाही. मेकअप करणाऱ्या चारू खुराणा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ती बंदी उठली. ब्युटी पार्लर चालवणाऱ्या माझ्या शेजारणीला हे सांगितलं तर तिला खरं वाटेना. केरळात तिथल्या सिनेमात काम करणाऱ्या बायांच्या हालांवरचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला, त्यात छळाच्या प्रकारांबरोबर हेही आहे की शूटिंगच्या जागी बायांना संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. उसाच्या फडावरही हीच तक्रार असते.

प्रकल्पासाठी नावं हवीत तर ‘कुंकू’, ‘मदर इंडिया’, ‘सैराट’ आणि त्यांच्या जोडीला १९८२ चा ‘उंबरठा’ घ्या. त्यात स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडून जाते. सगळी गोष्ट त्या कामातूनच निघते, प्रेमातून नाही. नव्यातला ‘लापता लेडीज’ घ्या. स्टेशनवर हरवलेल्या फूल नावाच्या नव्या नवरीला मंजूमाई चहाच्या टपरीवर कामाला लावते आणि कलाकंद करायचे पैसे तिच्या हातात ठेवते. ती पोरगी त्या नोटांकडं बघते तेवढा भाग दोनदा बघा. आणि ‘थप्पड’ घेतलात तर घरातल्या मोलकरणीवर नजर ठेवा. मालकिणीला एक थप्पड बसते आणि सिनेमा उभा राहतो, ही बिचारी रोज मार खाऊन कामावर येते. गाईडनं विचारलं तर सांगा, मला तिच्यावर वेगळं प्रकरण लिहायचंय.